पूलच्या काँक्रीटमध्ये रुतलेल्या लोखंडी खुंट्या: ओढण्याआधी पिळा

काँक्रीट ओतून झालं, कड सरळ आली, साच्याच्या फळ्याही निघाल्या. पण त्या फळ्यांना टेकू देणाऱ्या लोखंडी खुंट्या काही जागच्या हलत नाहीत. परसातल्या स्विमिंग पूलभोवतीचा कट्टा किंवा त्याच्या भिंतीच्या पायथ्याचा काँक्रीटचा पट्टा पहिल्यांदाच ओतणाऱ्यांवर ही वेळ हमखास येते. मग घण येतो, पहार येते, दोघंतिघं मिळून जोर लावतात आणि खुंटी निघायच्या आधी कडेचा टवका उडतो. खुंटी म्हणजे किरकोळ लोखंड. कड मात्र पुन्हा तशी जमत नाही. म्हणून या कामात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा.

आधी एक छोटा हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. २० मिमी जाडीची गुळगुळीत गोल खुंटी १५० मिमी काँक्रीटमधून गेली आहे असं धरा. सिमेंटने तिला ज्या पृष्ठभागावर धरलंय तो साधारण ९,४०० चौरस मिमी भरतो. गुळगुळीत सळीच्या पकडीसाठी इंजिनिअर डिझाइनमध्ये दर चौरस मिमीला सुमारे १.२ न्यूटन धरतात. म्हणजे ती खुंटी सरळ वर ओढायला साडेअकराशे किलोच्या आसपास जोर हवा. हा आकडाही सावधपणे धरलेला आहे, प्रत्यक्षातली पकड याहून जास्त असते. खालच्या मातीची पकड वेगळीच.

आता तीच पकड पिळून तोडायची झाली तर? ६०० मिमी लांबीचा पाईप पाना लावा. त्याच हिशेबाने दांड्याच्या टोकाला अवघा वीसेक किलोचा जोर पुरतो. पकड दुप्पट निघाली तरी चाळीस. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण आपण ओढत बसत नाही, फिरवतो, इथेही तेच. आणि सिमेंटची पकड एकदा तुटली की ती परत येत नाही. मग उरतं ते फक्त घर्षण.

कोणती खुंटी काढायची आणि कोणती नाही

हे आधी नक्की करा, कारण दिसणारं प्रत्येक लोखंड काढायचं नसतं.

फळीच्या बाहेरच्या बाजूला मातीत ठोकलेल्या खुंट्या तात्पुरत्याच असतात, त्या काढायच्या. फळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे काँक्रीटमधूनच आरपार गेलेल्या खुंट्या पातळी धरण्यासाठी किंवा मधला आधार म्हणून ठोकलेल्या असतात. खरा त्रास यांचा. त्याही काढायच्या, पण विचार करून.

स्टीलच्या पॅनलचा पूल असेल तर गोष्ट वेगळी. पॅनलच्या मागे तिरक्या आधाराच्या चौकटी असतात आणि त्यांच्या पायातून सळ्या जमिनीत ठोकलेल्या असतात. काँक्रीट ओतताना आणि मागे भराव टाकताना भिंत सरकू नये म्हणून त्या असतात, आणि बहुतेक रचनांत त्या काँक्रीटच्या पट्ट्यात कायमच्या राहण्यासाठीच दिलेल्या असतात. पूलसोबत आलेला नकाशा काढून बघा. त्यात त्या कायमच्या दाखवल्या असतील तर हात लावू नका. डोकं वर आलेलं खुपत असेल तर तेवढंच कापा.

ज्या सळीला तांब्याची तार किंवा क्लॅम्प जोडलेला दिसतो, ती सळी म्हणजे अर्थिंगचा किंवा पूलभोवतीचे सगळे धातू एकमेकांना जोडणाऱ्या व्यवस्थेचा भाग असू शकते. पाण्यात उतरलेल्या माणसाला विजेचा धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. अशी सळी इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय हलवायची नाही. आडव्या सळ्या जोडाजवळ कडेतून डोकावत असतील तर त्या पुढच्या स्लॅबला बांधून घेण्यासाठी सोडलेल्या असतात. त्याही तशाच राहू द्या.

खुंटी पूलच्या पाणी धरणाऱ्या भागातून, म्हणजे तळातून किंवा आतल्या भिंतीतून गेली असेल, तर इथेच थांबा. ते भोक बुजवणं हे वॉटरप्रूफिंगचं काम आहे, ते करणाऱ्यालाच बोलवा. पुढचं सगळं कट्टा, बाहेरचा पट्टा आणि कडेच्या खुंट्यांबद्दल आहे.

वेळ साधणं

सर्वांत सोपी वेळ ओतलेल्या दिवशीच येते आणि बहुतेकांच्या हातून निसटते. पृष्ठभागावरचं पाणी उडून गेलं, बोट दाबलं तर हलका ठसा उमटतो पण काँक्रीट ढासळत नाही, ती ही वेळ. उन्हात ती लवकर येते, थंडीत उशिरा. अशा वेळी खुंटी हळूहळू फिरवत वर काढायची, भोकात राखून ठेवलेलं काँक्रीट भरायचं, पातळ सळीने कोचायचं आणि वरून थापीने फिनिश करायचं. दुसऱ्या दिवशी जागा सापडतही नाही.

ही वेळ गेली तर पुढचे दोनतीन दिवस सर्वांत नाजूक. काँक्रीट कडक दिसतं, चालताही येतं, पण त्यात अजून ताकद आलेली नसते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला अंतिम ताकदीच्या साधारण दोनतृतीयांश ताकद यायला सात दिवस लागतात. त्यातही काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. त्याची ताणाची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. खुंटी उपसताना काँक्रीटवर येतो तो नेमका ताणच. म्हणून पहार, जॅक, घण यांपैकी काहीही पहिल्या आठवड्यात नको.

मात्र पिळणं चालतं. माझा आग्रह असा की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गोल खुंटी पाईप पान्याने थोडी फिरवून ठेवावी आणि तिथेच उभी राहू द्यावी. त्या दिवशी पकड कोवळी असते, ती सहज तुटते. खुंटी मग आठवड्याने निवांत काढता येते.

तयारी

बाहेरच्या खुंट्या निघत नाहीत याचं एक अगदी साधं कारण असतं: खिळे. खुंटीच्या भोकातून फळीत मारलेला एखादा खिळा मागे राहिलेला असतो, त्यावर सिमेंटचा राडा वाळलेला असतो आणि माणूस पूर्ण ताकदीने फळीच उपसत बसतो. आधी तारेचा ब्रश मारा, प्रत्येक भोक बघा, खिळे काढा. या कामात शक्य असेल तर खुंट्या आधी आणि फळ्या नंतर काढाव्यात. खुंटी उपसताना फळी कडेचं रक्षण करते.

घणाने ठोकून खुंटीचं डोकं छत्रीसारखं पसरलं असेल तर ग्राइंडरने घासून मूळ जाडीवर आणा, नाहीतर पाना नीट बसत नाही आणि पसरलेल्या लोखंडाच्या कपच्या उडतात. खुंटी वाकलेली आहे का तेही बघा. काँक्रीटच्या वर वाकली असेल तर वाकलेला भाग कापून टाका. आत वाकली असेल तर ती फिरणार नाही. थेट खालच्या ‘जी निघणारच नाही’ या भागाकडे जा.

मातीतली पकड सैल करायला चिकणमातीत खुंटीभोवती थोडं पाणी ओतून तासभर थांबावं. थोडंच. पूल रिकामा असेल तर भोवतालची जमीन पाण्याने भिजवणं धोक्याचं असतं, विशेषतः फायबरग्लासच्या पूलला. बाहेरच्या पाण्याचा दाब रिकामं भांडं वर उचलू शकतो.

अवजारं फारशी लागत नाहीत. मोठा पाईप पाना, दीड मीटरची पहार, चांगली साखळी, जाड फळ्या, दोन बॉटल जॅक, ग्राइंडर, हॅमर ड्रिल. डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, पायात बूट. ताजं काँक्रीट तीव्र अल्कली असतं, त्यात गुडघे टेकून बसलं तर कातडी भाजते आणि ते लगेच कळत नाही.

पिळणं

पाना शक्य तितका खाली, काँक्रीटच्या वर चार बोटांवर लावा. वर लावला तर खुंटी फिरण्याऐवजी कलते, आणि कलली की कडेवर दाब येतो. पान्याचा दांडा जमिनीला समांतर ठेवा. एका झटक्यात फिरवायचं नाही. एका दिशेला जोर धरून ठेवा, सोडा, मग उलट दिशेला. काही फेऱ्यांनंतर एक कोरडा ‘कट्’ ऐकू येतो किंवा हाताला जाणवतो. पकड तुटली. त्यानंतर पूर्ण फेरे फिरवत राहा, खुंटीभोवती सिमेंटची बारीक भुकटी दिसू लागेल. ती फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

पाना घसरत असेल तर खुंटीच्या खिळ्यांच्या भोकातून जाड बोल्ट किंवा सळीचा तुकडा घाला आणि त्यालाच हँडल करा. भोक नसेल तर वरच्या टोकाला आडवी सळी वेल्ड करून इंग्रजी टीसारखी मूठ करता येते, पण वेल्ड काँक्रीटपासून वीतभर तरी वर हवं. तापलेल्या काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होते आणि पोपडे उडतात. याच कारणाने गॅसची ज्योत मारून खुंटी तापवायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकून सोडून द्यावा.

गंज सोडवणाऱ्या तेलाचंही तसंच. ते गंजलेल्या नटबोल्टवर काम करतं. इथे पकड गंजाची नाही, सिमेंटची आहे. तेल काँक्रीटमध्ये मुरतं, डाग पडतो आणि पुढे भोक भरताना नवा माल जुन्याला चिकटत नाही. अ‍ॅसिड तर नकोच, ते सिमेंटबरोबर लोखंड आणि तुमचा श्वासही खातं.

पिळून हलत नसेल आणि काँक्रीटला आठवडा उलटून गेला असेल, तर डोक्यावर सरळ खाली एकदोन ठोके मारून बघा. दोनतीन मिमी खाली गेली तरी पकड सुटते. याला दोन अटी आहेत: खाली पाण्याचा पाईप किंवा वायर नाही याची खात्री हवी, आणि ठोके एकदोनच. जास्त ठोकलं तर स्लॅबच्या खालच्या अंगाचा तुकडा सुटतो आणि तो तुम्हाला दिसतही नाही. आडवा ठोका कधीच नाही. कडेपासून हातभर आत असलेली खुंटीसुद्धा आडव्या ठोक्याने तडा देऊ शकते.

वर उचलणं

पकड तुटली की बहुतेक गोल खुंट्या हाताने फिरवत फिरवत वर येतात. नाही आल्या तर पहार आणि साखळी. साखळीचा फास खुंटीला काँक्रीटलगत घाला, असा की ओढलं की आवळेल. दुसरं टोक पहारीच्या पुढच्या भागाला. दीड मीटरच्या पहारीखाली ठोकळा खुंटीपासून १०० मिमीवर ठेवला तर जोर चौदापट होतो, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचं वजन खुंटीवर अकराशे किलो होऊन लागतं. इथेच नवखे फसतात. तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच भार ठोकळ्याखाली उतरतो. ठोकळा काँक्रीटच्या कडेवर असेल तर खुंटी निघो न निघो, कड बसलीच. ठोकळा नेहमी जाड, लांब फळीवर ठेवा, फळी कडेपासून आत किंवा सरळ बाहेरच्या मातीवर. पूलच्या भिंतीचं पॅनल, वरची पट्टी किंवा फायबरग्लासची कड यांचा टेकू कधीही घेऊ नका.

पहारीचा दोष असा की ती गोलाईत फिरते आणि खुंटीला कलवते. दर वेळी बोटभर उचला, साखळी खाली घ्या, पुन्हा उचला.

यापेक्षा चांगला उपाय दोन बॉटल जॅकचा. खुंटीच्या दोन्ही बाजूंना फळीवर एकेक जॅक, त्यांवर आडवी जाड लोखंडी पट्टी किंवा पाईप, आणि खुंटी त्याला साखळीने बांधलेली किंवा भोकातल्या जाड पिनेने अडवलेली. दोन्ही जॅक थोडेथोडे आळीपाळीने चढवायचे. ओढ अगदी सरळ वर येते आणि भार दोन्हीकडे वाटला जातो. गोल खुंट्या उपसायचं खास तरफेचं अवजारही मिळतं, तरफ उचलली की त्याचा जबडा खुंटीला आपोआप आवळतो. खुंट्या खूप असतील तर ते भाड्याने आणणं शहाणपणाचं.

साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणीही उभं राहू नये, आणि जॅकवर झुकून बघू नये. साखळी ताठ झाली, जॅक जड झाला आणि खुंटी तसूभरही हलत नसेल तर आणखी जोर देऊ नका. पकड तुटलेली नाही असा त्याचा अर्थ. पुन्हा पिळण्याकडे जा.

जेसीबीने ओढून काढू, असं कोणीतरी म्हणतंच. मशीनचा जोर मोजता येत नाही आणि त्याचं वजन पूलच्या भिंतीवर मातीतून दाब देतं. खड्डा जितका खोल, निदान तितकं अंतर मशीनने काठापासून राखावं लागतं, आणि तेवढ्या लांबून ओढ सरळ वर येत नाही, तिरकी येते. एकूण काय, नको.

जी निघणारच नाही

चपटी पट्टी, अँगल किंवा कंगोरेवाली सळी खुंटी म्हणून वापरली असेल तर पिळण्याचा उपाय लागू पडत नाही. कंगोऱ्यांमध्ये सिमेंट जाऊन बसतं. अशा सळीची पकड डिझाइनमध्येच गुळगुळीत सळीपेक्षा ६० टक्के जास्त धरतात. हॅमर ड्रिलने ८ किंवा १० मिमीच्या बिटने खुंटीला लागून, पण लोखंडाला बिट न घासता, चारसहा भोकं स्लॅबच्या पूर्ण जाडीइतकी पाडा. खुंटी डुलू लागली की जॅकने उचला. कोअर कटिंगचं मशीन मिळत असेल तर त्याहून स्वच्छ: खुंटी आधी बिटच्या नळीत मावेल इतकी आखूड कापायची, मग तिच्याभोवती गोल काप घ्यायचा, आणि काँक्रीटच्या नळकांड्यासकट ती वर काढायची.

तेही शक्य नसेल तर कापा. यात कमीपणा काहीच नाही, पण पृष्ठभागाला लागून कापून वरून सिमेंट फासणं म्हणजे काम पुढे ढकलणं. लोखंड गंजलं की मूळच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतं. तो फुगवटा वरचं काँक्रीट उचलतो आणि तपकिरी डाग वर येतो. पूलच्या काठाला तर रोज क्लोरीनचं किंवा मिठाचं पाणी उडत असतं. म्हणून खुंटीभोवती साधारण १०० मिमी रुंद आणि ५०-६० मिमी खोल खळगा छिन्नीने करा, कडा उभ्या ठेवा, उतरत्या नकोत. उतरत्या कडेवरचा पातळ थर टिकत नाही. खुंटी खळग्याच्या तळाशी कापा, वर निदान ४० मिमी माल बसला पाहिजे. कापलेलं तोंड घासून त्याला जस्ताचा किंवा इपॉक्सीचा गंजरोधक प्रायमर लावा.

ग्राइंडर चालवताना दोन गोष्टींकडे लक्ष हवं. एक, धूळ. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात कायमची बसते, म्हणून कापताना पाणी मारता येईल असं विजेचा धोका नसलेलं अवजार वापरा किंवा धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडा, आणि तोंडाला फडकं न बांधता घट्ट बसणारा धुळीचा मास्क लावा. दुसरी, ठिणग्या. त्या विनाइल लायनरला, म्हणजे पूलच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, भोकं पाडतात. फायबरग्लासवर किंवा ताज्या काँक्रीटवर पडलेले लोखंडाचे कण ओलाव्याने लवकरच गंजतात आणि ठिपके ठिपके उमटतात. ओलं प्लायवूड उभं करा, खाली ताडपत्री घाला, काम झाल्यावर कण व्हॅक्यूमने उचला. लायनर अजून बसवलेला नसेल तर हे सगळं काम तो बसवण्याआधीच उरका.

भोक भरणं

निघालेल्या खुंटीचं भोक स्लॅबच्या खाली मातीतही जातं. ते तसंच ठेवलं तर पाणी त्यातून उतरतं, खालचा भराव धुऊन नेतं आणि पुढे कट्टा तिथे खचतो. मातीतल्या भागात कोरडी वाळू थोडीथोडी टाकून सळीने कोचा. स्लॅबच्या जाडीतला भाग न आकुंचणाऱ्या ग्राउटने, म्हणजे भोकं बुजवायच्या पातळ सिमेंटच्या मालाने भरा. साधं सिमेंट-पाणी वाळताना आकसतं आणि कडेने फट सोडतं. आधी भोकातली भुकटी काढा, बाजू ओल्या करा, पण साठलेलं पाणी टिपून घ्या. ग्राउट एकाच बाजूने ओता आणि पातळ तार वरखाली हलवत राहा, नाहीतर अरुंद भोकात हवा अडकते. वर ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक टाकून काही दिवस ओलावा धरा. रंगात फरक राहतोच. तो कमी हवा असेल तर वरचे दहा मिमी मूळच्याच सिमेंट-वाळूच्या मालाने भरा.

पुढच्या वेळी ओतताना

शक्य तितक्या खुंट्या फळीच्या बाहेरच ठोका. आत ठोकावीच लागली तर गुळगुळीत गोल, न वाकलेली आणि गंज घासलेली वापरा. काँक्रीटमध्ये येणाऱ्या भागावर पीव्हीसी पाईपचा तुकडा चढवा किंवा प्लास्टिकची टेप गुंडाळा, आणि पाईपच्या खालच्या तोंडाशी टेप लावा म्हणजे सिमेंटचं पाणी आत शिरत नाही. डोकं पाना बसेल इतकं वर ठेवा आणि त्यावर टोपी घाला, कोणी अडखळून त्यावर पडू नये म्हणून. फळीला खिळ्यांऐवजी स्क्रू लावले तर सोडवताना हातोडा लागत नाही. आणि ओतायच्या आधी प्रत्येक खुंटीची जागा कागदावर मांडून ठेवा, एखादी मालाखाली गेली तरी ती कुठे आहे ते माहीत असेल.